मातीतील उणीव आणि पिलांचे पांगळेपण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. मेंढीची आणि डुकराची पिले मागचे पाय का ओढू लागतात, हा काही शहरातील सुशिक्षित कुटुंबाने दिवेलागणीला बसून ऐकण्याचा विषय नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ह्या प्रश्नाचा माग काढीत गेले असता आपण मनुष्याच्या तान्ह्या मुलाच्या पाळण्यापाशी जाऊन पोहोचतो, आणि परत फिरताना वाटेत आपल्याच पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूरचा मुलूख लागतो. तेव्हा थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८८६ साली, मुंबईस परळ येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले आणि १८८९ साली पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. पुढे १८९३ साली ती प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरास गेली. तो काळ जंतूंचा होता. पाश्चर व कॉख ह्यांच्या शोधांनी सर्वांचे डोळे दिपले होते, आणि रोग म्हणजे बाहेरून चालून आलेला शत्रू ही कल्पना विद्वानांच्या मनात पक्की बसली होती. ती कल्पना फुकट गेली असे मुळीच नाही. बुळकांड्यासारखा गाईगुरांचा काळ २०११ साली पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ते त्याच मार्गाने. परंतु जो रोग काही आल्यामुळे नव्हे, तर काही नसल्यामुळे होतो, त्याचे काय करावे? जे मुळी नाहीच, ते सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसावे?

पहिला पुरावा डुकराच्या पिलांनी दिला. स्कॉटलंडात अॅबर्डीन येथे मॅकगोवन व क्रिक्टन ह्या दोघा संशोधकांनी १९२०नंतरच्या दशकात असे पाहिले की, बंदिस्त गोठ्यात वाढणारी पिले तीनचार आठवड्यांची झाली की पांढरीफटक पडतात, धापा टाकतात आणि मरतात. हिशेब अगदी साधा निघाला. पिलू जन्मतः सुमारे ५० मिलिग्राम लोह बरोबर आणते. त्याला रोज सुमारे ७ मिलिग्राम लागते, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्राम. जमाखर्चाची ही तूट आठवडाभरातच शिल्लक खाऊन टाकते. उकिरड्यावर व चिखलात लोळणाऱ्या डुकराला हा रोग सहसा होत नाही, कारण नाक खुपसून उकरताना माती पोटात जाते आणि मातीत लोह असते. फरसबंद, धुतलेल्या, स्वच्छ गोठ्यातील पिलू मात्र दगावते. स्वच्छतेचा कैवार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट थोडी अडचणीचीच आहे. लगेच १९२८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे हार्ट, स्टीनबॉक, वॉडेल व एल्व्हेजेम ह्यांनी आणखी एक पाऊल टाकले. निव्वळ दुधावर ठेवलेल्या उंदरांचा रक्तक्षय शुद्ध लोहाने हटेना. त्याबरोबर तांब्याचा लेश दिला तेव्हा हटला. तांबे हे भांड्याकुंड्यांपुरते नसून सस्तन प्राण्याच्या रक्तालाही आवश्यक आहे, हे तेव्हा सिद्ध झाले.

येथवर प्रश्न रक्ताचा होता. तो मज्जातंतूंपर्यंत नेला पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅरल्ड बेनेट्स ह्या पशुवैद्याने. पर्थच्या उत्तरेस जिंजिन नावाचे गाव आहे. तेथील कोकरे काही दिवसांची वा आठवड्यांची झाली की पळताना मागच्या अंगाने हेलकावे खात, पुढे बसकण मारीत आणि अखेर मरत. डोळे स्वच्छ, भूक शाबूत, ताप नाही. केवळ पाय ताब्यात नाहीत. त्यांच्या आया रक्तहीन असत. जंतू सापडला नाही. १९३७ साली बेनेट्स व चॅपमन ह्यांनी प्रसिद्ध केले की, तेथल्या चाऱ्यात तांबे फारच थोडे आहे आणि गाभण मेंढ्यांना तांबे दिले असता कोकरे धडधाकट निपजतात. कोकरू पांगळे झाल्यावर मात्र तांबे देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण नुकसान आईच्या पोटातच होऊन गेलेले असते.

हे असे का व्हावे? मज्जातंतूवर एक पांढरे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते तसे. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत हे वेष्टन झपाट्याने तयार होते. त्या घाईच्या वेळी पेशींना प्राणवायूचा उपयोग करून घेण्यासाठी जे पाचकद्रव्य लागते, त्याच्या घडणीत तांबे असते. १९५९ साली हॉवेल व डेव्हिसन ह्यांनी रोगट कोकरांच्या मेंदूत तांबे आणि हे द्रव्य अशी दोन्ही कमी असल्याचे दाखविले. ज्या आठवड्यात गवंडी कामावर हवा होता त्या आठवड्यात तो आला नाही. मागाहून दहा गवंडी आणले तरी भिंत आता पडलेलीच आहे.

इंग्लंडात डर्बीशायरच्या टेकड्यांवर हाच रोग होता, पण तेथे एक कोडे पडले. तिकडच्या गवतात तांबे पुष्कळदा पुरेसे असूनही मेंढ्या तांब्याला मुकत होत्या. सॉमरसेट परगण्यातील गुरांच्या हगवणीचे कारण गवतातील अतिरिक्त मॉलिब्डेनम हे आहे, असे १९३८ साली फर्ग्युसन, लुईस व वॉटसन ह्यांना आढळले होते. पुढे ऑस्ट्रेलियातील डिक ह्यांनी गंधकाचा त्यातील वाटा उघड केला, आणि हळूहळू कळले की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मॉलिब्डेनम व गंधक मिळून तांब्याला जखडून टाकतात. ताटात वाढलेले पदरात पडतेच असे नाही. इंग्लंडातील ह्या संशोधनाला एक करुण शेपूट आहे. कोकरांच्या ह्या रोगावर काम करणाऱ्या सात जणांपैकी चौघांना पुढे मज्जासंस्थेचा विकार जडला, असा वृत्तांत १९४७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. योगायोग की आणखी काही, ह्याचा उलगडा झालेला नाही. अशा कामात माणसे काय पणाला लावतात हे आपण विसरू नये, म्हणून सांगितले.

डुकरांची पाळी जरा उशिरा आली. १९६२ साली क्वीन्सलँडमधील मॅकगॅव्हिन, रॅन्बी व टॅमेमागी ह्यांनी मागचे पाय लुळे पडलेल्या वाढत्या डुकरांच्या मज्जारज्जूत वेष्टन झिजल्याचे आणि यकृतात तांबे अल्प असल्याचे नोंदविले. कोकरांत जन्मापूर्वी घडणारी गोष्ट येथे जन्मानंतर काही महिन्यांनी दिसली, एवढाच भेद.

आता पाळण्याची गोष्ट. त्याच १९६२ साली जॉन मेन्केस ह्यांनी तान्ह्या मुलग्यांतील एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले. मूल झटके देते, वाढ खुंटते, मेंदू झिजत जातो आणि केस विचित्र, ताठ व पिळलेले असतात. कारण दहा वर्षे कळले नाही. मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स ह्या बालरोगतज्ज्ञाला १९७२ साली ते केस पाहून आठवण झाली ती तांब्याच्या अभावी पोलादी तारेसारख्या झालेल्या मेंढीच्या लोकरीची! त्याने तांबे मोजले आणि ते कमी भरले. आतड्यातून तांबे पुढे सरकतच नव्हते. मेंढरांच्या देशात वाढलेल्या वैद्यालाच हे सुचावे, ह्यात मला मोठे स्वारस्य वाटते.

लोकरीचे नाव निघाले, तेव्हा आता आपल्या मुलखाकडे वळू. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी काळ्या जमिनीवर ऊस उभा राहिला. पण पाणी मुरले, निचरा झाला नाही आणि खालचे क्षार वर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा विषय जमीन व पीक हा होता. तांबे सस्तन प्राण्याला लागते हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते, त्यामुळे गोठ्याचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, ह्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. आज मात्र तो विचारणे प्राप्त आहे. कारण जमीन अल्कधर्मी व पाणथळ झाली म्हणजे वनस्पती मॉलिब्डेनम अधिक उचलतात, आणि खारवट जमिनीत गंधकाचे क्षारही पुष्कळदा असतात. ह्यावरून तेथील कोकरे पांगळी होतात असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाहण्यासारखी जागा कोणती, एवढेच ह्यावरून ठरते.

पाहण्याचे साधनही तेथेच चरत आहे. तांबे कमी पडले की लोकरीचा काळा रंग सर्वांआधी उतरतो, कारण तो रंग घडविणाऱ्या द्रव्यालाही तांबे लागते. आणि ह्या भागातील धनगरांची दख्खनी मेंढी बहुधा काळीच! ज्या लोकरीचे घोंगडे होते तीच लोकर मातीची परीक्षा देऊ शकते. पांढऱ्या मेंढ्यांच्या धन्यांना ही सोय नाही. शिवाय धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन दूर कोकणापर्यंत चरावयास जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील वसाहतवाले आपली खंगलेली मेंढरे काही काळ आतल्या प्रदेशात नेऊन बरी करीत. तेथे तांब्याबरोबर कोबाल्टचीही वाण होती, हे मागाहून कळले. अनेक मातींचा चारा खाल्ल्याने एका मातीची उणीव दुसरीने भरून निघते, आणि फिरस्तीचा हा एक लाभ आपल्याकडे हिशेबात घेतला जात नाही, असे मला वाटते. कळप एका जागी बांधून क्षारपड शेतातील चारा घालण्याची पद्धत वाढेल तसतसे गाभण मेंढ्यांचे रक्त व दगावलेल्या कोकरांचे यकृत तपासून घ्यावे लागेल. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ सालापासून शेतीवरील अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. क्षार हा तिच्याच विषयातला, तेव्हा हे काम फार दूर न्यावयास नको.

हे ऐकून कोणी मोरचुदाची पुडी घेऊन कळपाकडे धावू नये, म्हणून शेवटी एक गोष्ट सांगतो. १९५५ साली इंग्लंडात बार्बर, ब्राउड व मिचेल ह्यांनी डुकरांच्या खाद्यात दर दशलक्ष भागांस २५० भाग तांबे घातले, तो डुकरे अधिकच फोफावली. तेच खाद्य मेंढीला घातले तर ती मरते. तिच्या खाद्यात १५-२० भाग तांबे दीर्घकाळ राहिले तरी यकृतात ते साठत जाते आणि एके दिवशी एकाएकी रक्तात उतरून कावीळ होते व दोनतीन दिवसांत जनावर जाते. म्हणून आधी मोजावे आणि मग द्यावे. तेही पशुवैद्याने सांगितले तेवढेच, आणि मेंढी गाभण असताना.