भूमितीय प्रतिमानन

भूमितीय प्रतिमानन : वस्तूच्या आकाराचे गणितीय वर्णन संगणकाच्या स्मृतीत साठविण्याचे व त्यावर क्रिया करण्याचे तंत्र. या वर्णनावरून वस्तूचे कोणत्याही बाजूने दिसणारे चित्र काढता येते, तिचे घनफळ व गुरुत्वमध्य ठरविता येतो आणि ती घडविणाऱ्या यंत्राला आज्ञाही देता येतात. चित्र हा येथे केवळ एक परिणाम आहे. मूळ वस्तू म्हणजे संख्यांचा संच. कारखान्यातील आकाराचा अंतिम पुरावा लाकडी साच्याऐवजी हा संख्यासंच मानला जाऊ लागला, हाच या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.

संगणकापूर्वी मोठ्या वक्राकार वस्तूंचे आरेखन हाताने होई. जहाजाच्या फासळ्यांचे आकार मोठ्या दालनाच्या जमिनीवर पूर्ण मापात आखीत. त्यासाठी लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी ठिकठिकाणी दाबून धरीत व तिच्या कडेने रेघ मारीत. या पट्टीला इंग्रजीत ‘स्प्लाइन’ म्हणतात. अशी पट्टी कमीत कमी वाकण-ऊर्जा लागेल असा आकार आपोआप घेते आणि बाक थोडा असल्यास दोन वजनांमधील तिचा आकार त्रिघाती बहुपदीने दाखविता येतो. आय. जे. शोएनबर्ग यांनी १९४६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या अशा बहुपदींना पट्टीचेच नाव दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रॉय लायमिंग यांनी विमानाच्या सांगाड्याचे छेद शांकव वक्रांनी संख्यारूपात मांडले. आरेखनाच्या अनेक प्रती काढताना शिरणारी चूक त्यामुळे टळली. मात्र ही आकडेमोड हातयंत्रावर करावी लागे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ मध्ये संख्यांनी नियंत्रित होणाऱ्या चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. अशा यंत्राला आरेखन वाचता येत नाही. त्याला सहनिर्देशकच द्यावे लागतात. मोटारीच्या अंगाबाबत ही अडचण फार जाणवली. अभिकल्पकाचा चिकणमातीचा लहान नमुना, त्यावरून आरेखने, त्यावरून पूर्ण मापाचा नमुना आणि शेवटी दाबसाचे, असा प्रवास होई. प्रत्येक टप्प्यावर आकार थोडा बदले आणि खरा आकार कोणाचा, अभिकल्पकाचा, आरेखकाचा की साचेकाराचा, हा वाद उरे. त्यावर दोन फ्रेंच कंपन्यांत जवळजवळ एकाच काळी उत्तर शोधले गेले.

पॉल द फाजे द कास्तेल्झो (१९३०–२०२२) हे गणिती १९५८ मध्ये सिट्रोएन कंपनीत रुजू झाले. वक्रावरील बिंदू देऊन त्यांतून वक्र नेण्याऐवजी वक्राबाहेरचे काही बिंदू द्यावेत व त्यांच्या ओढीने वक्र घडावा, अशी त्यांची कल्पना होती. या बिंदूंना ते ‘ध्रुव’ म्हणत. आज त्यांना नियंत्रण बिंदू म्हणतात. वक्र काढण्याची त्यांची रीत शाळेतील भूमितीपलीकडे जात नाही. उदाहरणार्थ, (०, ०), (०, ८), (८, ८) व (८, ०) हे चार बिंदू क्रमाने जोडावेत. मिळालेल्या तीन रेषाखंडांचे मध्यबिंदू (०, ४), (४, ८) व (८, ४) हे येतात. ते जोडून पुन्हा मध्यबिंदू घेतल्यास (२, ६) व (६, ६) आणि त्या दोहोंचा मध्यबिंदू घेतल्यास (४, ६) मिळतो. हा शेवटचा बिंदू वक्रावर असतो व ज्या रेषाखंडावर तो आला तो रेषाखंड तेथे वक्राला स्पर्श करतो. मध्याऐवजी प्रत्येक रेषाखंड दुसऱ्या एखाद्या समान गुणोत्तरात विभागला की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. रीतीत केवळ दोन संख्यांची सरासरी घेतली जात असल्याने आकडेमोडीतील चूक वाढत जात नाही. शिवाय वक्र नियंत्रण बिंदूंच्या बहिर्वक्र वेष्टनाबाहेर कधीच जात नाही. म्हणून बिंदू हलविला असता काय होईल याचा अंदाज गणित न जाणणाऱ्या आरेखकालाही बांधता येतो.

कंपनीने हे काम गुप्त ठेवले. १९५९ मधील टिपण फ्रान्सच्या औद्योगिक संपदा संस्थेत मोहोरबंद पाकिटात जमा केले गेले. १९६३ मधील अहवालही अंतर्गत वापरापुरताच राहिला.

रेनो कंपनीतील प्येर बेझिए (१९१०–१९९९) हे यांत्रिक अभियंते होते. १९३३ पासून ते या कंपनीत असून यंत्रहत्यारांच्या अभिकल्पाचा त्यांना दीर्घ अनुभव होता. १९६० च्या सुमारास त्यांनी या प्रश्नात लक्ष घातले. त्यांची वाट वेगळी होती : घनात बसविलेला एक मूळ वक्र घ्यावयाचा व तो घन तिरका किंवा लांबट करून वक्राला हवा तो आकार द्यावयाचा. यातून निष्पन्न होणारा वक्र मात्र द कास्तेल्झो यांचाच होता. बेझिए यांनी आपले काम १९६२ पासून प्रसिद्ध केले आणि त्यावर आधारलेली ‘युनिसर्फ’ ही प्रणाली १९६८ मध्ये रेनोत प्रत्यक्ष वापरात आली. तीत अभिकल्पक पडद्यावरील आकृतीवर विसंबत नसे. पूर्ण मापाची आरेखने काढणारे यंत्र व हलक्या फेसाळ द्रव्यात नमुना कोरणारे यंत्र यांच्याद्वारे आकार तपासून पाहता येई.

केंब्रिजमधील ए. आर. फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये बेझिए वक्राचे सूत्र बेर्नस्टाइन बहुपदींत मांडून दाखविले. स्यिर्गेई बेर्नस्टाइन (१८८०–१९६८) यांनी या बहुपदी १९१२ मध्ये एका प्रमेयाच्या सिद्धतेसाठी वापरल्या होत्या. त्या मूळ फलनाच्या जवळ फार सावकाश जातात म्हणून आकडेमोडीस निरुपयोगी मानल्या जात. गणितज्ञांना जो दोष वाटला, तोच अभिकल्पकाला सोयीचा ठरला; कारण नियंत्रण बिंदूंच्या ओबडधोबड मांडणीतूनही गुळगुळीत आकार निघतो.

सिट्रोएनचे अहवाल जर्मन गणितज्ञ व्होल्फगांग ब्यॉम यांच्या हाती १९७५ च्या सुमारास आले, तेव्हा द कास्तेल्झो यांचे काम बाहेर माहीत झाले. तोपर्यंत वक्र बेझिए यांच्या नावाने रूढ झाला होता. आता वक्र बेझिए यांचा व रीत द कास्तेल्झो यांची, अशी नावांची वाटणी झाली आहे. ती कालानुक्रमास धरून नाही. तथापि बेझिए यांनी कोणाचे काम उचलले असे म्हणण्यास आधार नाही व प्रसिद्धीचा धोका पत्करल्याचे श्रेय त्यांचेच आहे. द कास्तेल्झो यांना २०१२ मध्ये बेझिए यांच्याच नावाचा पुरस्कार देण्यात आला.

अमेरिकेत बोइंगमधील जेम्स फर्ग्युसन (१९६४) व मॅसॅचूसेट्स येथील स्टीव्हन कून्स (१९६७) यांनी पृष्ठभागांचे तुकडे, म्हणजे ठिगळे, जोडण्याच्या पद्धती दिल्या. त्यांतील काही राशींना, विशेषतः कोपऱ्यातील ‘पीळ’ या राशीला, भूमितीय अर्थ लावणे कठीण जाई. बेझिए पद्धतीत मात्र द्वित्रिघाती ठिगळास १६ नियंत्रण बिंदू लागतात व ते पाहता येतात. युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये अशा ठिगळांनी बनविलेली चहाची किटली संगणकीय चित्रणाच्या चाचण्यांत पुढे सर्वत्र वापरली गेली.

बेझिए वक्रात एक बिंदू हलविला की सबंध वक्र हलतो. हा दोष स्प्लाइनने दूर होतो. एम. जी. कॉक्स व कार्ल द बूर यांनी १९७२ मध्ये स्प्लाइनच्या आकडेमोडीची स्थिर रीत दिली आणि रिचर्ड रीझनफेल्ड यांच्या १९७३ मधील प्रबंधाने तिचा अभिकल्पात उपयोग दाखविला. वर्तुळ मात्र साध्या बहुपदीने अचूक येत नाही. १९७५ मध्ये केनेथ व्हर्सप्रिल यांनी मांडलेल्या परिमेय स्प्लाइनमध्ये वर्तुळ, लायमिंग यांचे शांकव व मुक्त वक्र हे सर्व एकाच सूत्रात सामावले.

पृष्ठभाग कळला तरी आत काय आहे ते कळत नाही. केवळ कडा नोंदविलेली तारांची आकृती तर कधीकधी दोन निरनिराळ्या घन वस्तूंना लागू पडते. यासाठी १९७० नंतर घनाकृती प्रतिमानन पुढे आले. केंब्रिज येथे इयन ब्रेड यांनी वस्तू तिच्या मुखे, कडा व शिरोबिंदू यांच्या परस्परसंबंधांवरून नोंदविली. रॉचेस्टर येथे हर्बर्ट व्होएलकर व आरिस्तिदेस रेकिचा यांनी ठोकळे, दंडगोल इत्यादींची बेरीज-वजाबाकी करून ती रचली. दोन्ही पद्धती पुढे एकत्र वापरल्या जाऊ लागल्या.

बेझिए वक्राचा सर्वांत व्यापक उपयोग मोटारीत नसून अक्षरात झाला. १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेत अक्षराच्या बाह्यरेषा त्रिघाती बेझिए वक्रांनी दिल्या जातात. संगणकावर जुळविलेल्या देवनागरी मजकुरातील ‘ळ’ ची वळणे याच रीतीने रेखाटलेली असतात व आकार कितीही मोठा केला तरी ती खडबडीत होत नाहीत.