बडोद्याहून येणारी पेटी

बडोदे संस्थानात मूल शाळेत पाठवलं नाही, तर बापाला दंड व्हायचा. हे मी पुस्तकात वाचण्याआधी आत्याआजीकडून ऐकलं. तिचे वडील संस्थानातल्या एका खेड्यात मास्तर होते. गैरहजर पोरांची यादी त्यांनाच करावी लागे. "दंडाच्या धाकानं पोरं यायची," ती सांगे, "पण रमायची ती पेटीमुळं."

पेटी बडोद्याहून यायची. लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं. बहुतेक गुजराती, एखादं मराठी. गुजराती गोष्टी आत्याआजी रात्री आईला मराठीत सांगायची. आईला अक्षरओळख नव्हती. तिच्यापुरतं ग्रंथालय म्हणजे ही मुलगीच.

पुढं मी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा या पेटीमागचा विचार उलगडला. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर नेला. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडलं नाही, तर शिकलेली अक्षरं चार वर्षांत पुसली जातात, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. तीन वर्षांत त्यानं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, माणसं शिकवून तयार केली. त्याच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते काम पुढं नेलं. गावातल्या वाचनालयाच्या खर्चाचा एक वाटा लोकांनी उचलायचा, एक पंचायतीनं, एक सरकारनं, अशी रीत होती. फिरत्या पेट्यांना मात्र गावाकडून काही घेत नसत.

बडोद्याच्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती. तिथं पुस्तकांबरोबर चित्रं होती, बैठे खेळ होते. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा त्यांना तिथं यावंसं वाटणं महत्त्वाचं, हा विचार त्या काळात किती पुढचा होता! सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी खास पुस्तकंही निघाली. खोली बांधणाऱ्यांना ती भरायची कशानं, याचंही भान होतं.

हे सगळं कागदोपत्री सापडतं. पण आत्याआजीनं एकदा सांगितलेली गोष्ट मला कुठल्याही अहवालात भेटली नाही. तिच्या गावात अंत्यज वाड्यातली मुलं पेटीपाशी येत नसत. कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. मास्तरांनी एकदा तिच्याच हाती दोन पुस्तकं तिकडं धाडली. त्यावरून गावात बरंच बोललं गेलं. "नंतर बाबांनी पुन्हा धाडली," ती म्हणाली, आणि हे सांगताना नव्वदीतही तिचा आवाज ताठ झाला.

बडोद्याचं काम मला थोर वाटतं, आणि ही गोष्ट ऐकल्यावर त्याची खरी उंची आणि खरी मर्यादा दोन्ही कळतात. राजानं पेटी गावापर्यंत पोचवली. गावापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर एका मास्तरानं आणि त्याच्या मुलीनं तोडलं. अहवालात पुस्तकांचे आकडे असतात. ती कुणाच्या हाती पडली आणि कुणाच्या नाही, हे तेव्हा मूल असलेल्यांनाच ठाऊक असतं. अशी माणसं घराघरांत आज थोडीच उरली आहेत. त्यांना विचारून घ्यायला हवं, आणि आपल्या गावच्या बालवाचनालयाचं मोलही त्याच कसोटीवर ठरवायला हवं: ज्याला कुणी बोलावलं नाही, त्या मुलापर्यंत पुस्तक गेलं का?