येळवणी: कृष्णाकाठचे सार

रहिमतपूर, कोरेगाव आणि तिथून खाली सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी पुरणाच्या दिवशी जी पातळ, झणझणीत आमटी होते तिला येळवणीची आमटी म्हणतात. पुण्याकडे तीच कटाची आमटी. पुरणासाठी शिजवलेली हरभऱ्याची डाळ चाळणीत ओतली की खाली निथळते ते दाटसर पिवळे पाणी म्हणजे येळवणी. होळीला, पाडव्याला, बेंदराला पोळी झाली की ही आमटी ठरलेलीच.

या आमटीचे सख्खे भावंड कर्नाटकात सापडते. तिथे पुरणपोळीला होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणतात आणि त्याच डाळीच्या पाण्याचे ‘ओब्बट्टू सारु’ करतात. कन्नड सारु, तेलुगू चारु, मराठी सार ही नावे ऐकताच नाते कळते. तमिळ रसमही याच घराण्यातले. डाळीचे पाणी, चिंचेचा आंबटपणा, कुटलेला मसाला आणि वरून फोडणी, ही बैठक सगळीकडे एकच.

हे साम्य नवलाचे नाही. कृष्णेच्या खोऱ्यात मराठी आणि कन्नड मुलूख शतकानुशतके एकमेकांना लागून आहेत, आणि रहिमतपूर आदिलशाहीच्या अमलाखाली होते. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आजही गावात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली आणि मराठी माणूस थेट कावेरीकाठी पोचला. ते राज्य 1855 पर्यंत टिकले. सरफोजी दुसरे (1798–1832) यांच्या काळातले पाकशास्त्रावरचे मराठी लेखन तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही गोष्ट मात्र दंतकथा म्हणूनच ऐकावी.

तिखटपणाचा इतिहास अधिक बोलका आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटाची भिस्त मिरी, पिंपळी आणि आल्यावर होती. तमिळमध्ये मिरे म्हणजे ‘मिळगु’ आणि मिरची म्हणजे ‘मिळगाय’. मराठीतही मिऱ्यावरूनच मिरची झाली. तमिळ घरांनी रसमात मिरी टिकवून धरली. इंग्रजांचे ‘मुलिगाटॉनी’ हे त्याच ‘मिळगु तण्णीर’चे, म्हणजे मिऱ्याच्या पाण्याचे रूप. घाटावर मात्र लाल मिरचीने मिऱ्याला मागे सारले. टोमॅटो त्याहूनही उशिरा आला. म्हणून टोमॅटोचे सार आज घरोघरी होत असले तरी चिंच-आमसुलाचे सारच जुने.

येळवणीची आमटी घडते ती वाटणात. सुके खोबरे विस्तवावर काळसर होईपर्यंत भाजायचे. धणे, जिरे, तीळ, लवंग, दालचिनी तेलाच्या थेंबावर परतायची आणि सगळे पाट्यावर बारीक वाटायचे. नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो. एरवी कांदा भाजून घालतात आणि घरचे काळे तिखटही. मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परतून मग येळवणी ओततात. चिंचेचा कोळ, मीठ आणि लहान लिंबाएवढे पुरण पडते. हे पुरण विसरता कामा नये. तिखट-आंबटाला गोडाची किनार त्यानेच येते. उकळी मंद हवी. वर लाल तेलाचा तवंग धरला की आमटी झाली.

पोळीबरोबर ती वाटीतून भुरकायची, भातावर ओतायची. उरलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम होते आणि मुरल्यामुळे आदल्या दिवसापेक्षा चवदार लागते.