इलेक्ट्रिक स्टेट, द

स्वीडिश चित्रकार-लेखक सिमोन स्टोलेनहाग (जन्म १९८४) यांची सचित्र विज्ञानकादंबरी. मूळ स्वीडिश पुस्तक ‘पासागेन’ या नावाने २०१७ मध्ये निघाले, इंग्रजी आवृत्ती पुढच्या वर्षी सर्वत्र विक्रीस आली. आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या २०१९ च्या अंतिम यादीत तिचा समावेश होता. चित्रांवर उभ्या असलेल्या पुस्तकाला तेथे सहसा जागा मिळत नाही.

कथेचा काळ १९९७ चा. इतिहास मात्र निराळा. ड्रोनच्या युद्धाने अमेरिका मोडकळीस आली आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिका नावाचे राज्य आहे. मिशेल ही किशोरवयीन मुलगी स्किप या लहानशा पिवळ्या यंत्रमानवासह मोहावी वाळवंटातून मोटारीने समुद्राकडे निघते. वाटेत लागणाऱ्या गावांतली माणसे ‘न्यूरोकास्टर’ ही चोचीसारखी शिरस्त्राणे डोक्यावर चढवून आभासी जगात बुडालेली आहेत. कित्येकांना अन्नपाण्याची शुद्ध राहिलेली नाही. युद्धात ड्रोन चालवण्यासाठी घडवलेले तंत्र पुढे करमणुकीसाठी घरोघर पोचले, हे या विनाशाचे मूळ. तो कोणा हुकूमशहाने लादलेला नाही, गिऱ्हाइकांनी आपण होऊन विकत घेतला आहे. मिशेलच्या निवेदनाला छेद देत तिच्या मागावर असलेल्या माणसाचा आवाजही मधूनमधून ऐकू येतो.

कथानक तसे बेताचेच. पुस्तकाचे बळ चित्रांत आहे. महामार्गालगत कलंडलेली अजस्र युद्धयाने, हसऱ्या कार्टून-चेहऱ्यांचे जाहिरातींचे पुतळे, धुके, पेट्रोलपंप, उपनगरांतली ओसाड अंगणे असा हा प्रवास आहे. आपत्ती कोसळतानाचा क्षण स्टोलेनहाग क्वचितच रंगवतात. ती होऊन गेलेली असते आणि तिच्या अवशेषांवर रोजचेच ऊन पडलेले असते. मजकूर पुष्कळ गोष्टी न सांगता सोडतो, त्या चित्रांत शोधाव्या लागतात. काही चित्रांचा उल्लेख मजकुरात येतच नाही. ही चित्रे संगणकावर काढलेली असली तरी हाती रंगवल्यासारखी वाटतात. लार्स योनसन या स्वीडिश पक्षिचित्रकाराचा प्रभाव स्टोलेनहाग यांनी स्वतःच मान्य केला आहे, आणि निसर्गाचा प्रकाश व हवामान टिपण्याची त्यांची सवय पाहता त्यात नवल नाही. ‘टेल्स फ्रॉम द लूप’सारख्या आधीच्या पुस्तकांत त्यांनी बालपणीच्या मेलारेन सरोवरातील बेटांचा परिसर रंगवला होता. येथे ती नजर अमेरिकेच्या रस्त्याकडे वळते.

या पुस्तकावर आधारित, रूसो बंधूंनी दिग्दर्शित केलेला, मिली बॉबी ब्राउन व क्रिस प्रॅट यांच्या भूमिका असलेला चित्रपट मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात यंत्रमानवांचे बंड, विनोद आणि हाणामाऱ्या यांना मुख्य स्थान मिळाले. पुस्तकातली शांतता व संदिग्धता उरली नाही. प्रचंड खर्च होऊनही समीक्षकांनी त्याला बहुतांशी नापसंती दर्शवली. स्वीडनच्या फ्रिया लिगान या प्रकाशनसंस्थेने याच जगावर बेतलेला भूमिकाखेळ काढला असून त्यात खेळाडू पॅसिफिकातून मोटारीने प्रवास करतात.