पत्रकाखालचे नाव

दिवाळीच्या आधी घरोघर भिंतींना चुना लागतो. टेंभुर्णीसारख्या गावात (सोलापूरकडची नव्हे, जालना जिल्ह्यातील, जाफ्राबाद तालुक्यातील) चुन्याचा हात देण्यापूर्वी भिंतीवरचे जुने कागद खरवडावे लागतात. त्यांत मागल्या निवडणुकीचे एखादे पत्रक हमखास निघते. उमेदवाराचा चेहरा फाटलेला असतो, आश्वासने पावसाने धुऊन नेलेली असतात. पण तळाशी बारीक टाइपात मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असते. ही ओळ कोणी हौसेने छापीत नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९६१ साली १२७-अ हे कलम घातले गेले, तेव्हापासून विधानसभा-लोकसभेच्या प्रचारपत्रकावर ती नावे छापणे सक्तीचे झाले. तंटा उपस्थित झालाच, तर जाब कोणाला विचारावयाचा हे त्या ओळीवरून कळते.

कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूकही अशीच रंगते. तेथेही पत्रके वाटली जातात, कारखान्याच्या फाटकावर घोषणा होतात. पण हे कलम तेथे लागू नाही. मग 'हे पत्रक खोटे आहे', 'युनियनचे नाव यांनी आपल्या प्रचाराला वापरले', अशी तक्रार उठली म्हणजे निवाडा कोणी करावयाचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या कामगार चळवळीची कित्येक वर्षे गेली. ती हकिकत सणाच्या फुरसतीत वाचण्यासारखी आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांची 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' काढली. कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून ते झटले. पण त्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. जेथे मतदारच मोजलेले नाहीत, तेथे निवडणूक कसली आणि तिचा तंटा तरी कसला? लोखंड्यांवर लोकांचा विश्वास होता, तेवढ्यावर काम चाले.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने ही स्थिती बदलली. नोंदणी हवी असेल तर संघटनेला लेखी नियम करणे भाग पडले. पदाधिकारी कसे नेमावयाचे व कसे दूर करावयाचे, हेही त्यांत लिहावे लागे. मात्र प्रचाराच्या पत्रकाविषयी कायदा गप्प होता. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. टेंभुर्णी तेव्हा निजामाच्या राज्यात. तिच्या दृष्टीने तो परमुलखातलाच.

दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. स्वतः गिरणीत राबलेले आळवे तिचे अध्यक्ष, श्रीपाद अमृत डांगे सरचिटणीस. गिरणगावात छापील पत्रकाला त्या काळी केवढे मोल होते, याची साक्ष सरकारनेच दिली आहे. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी धरपकड झाली, आणि पुराव्यात पत्रके व 'क्रांती' साप्ताहिकाचे अंक मांडले गेले.

मोठे पुढारी तुरुंगात गेले आणि मागे राहिलेल्यांत फूट पडली. एक गट कांदळकरांचा, दुसरा देशपांडे-रणदिव्यांचा. खरी गिरणी कामगार युनियन आमचीच, असे दोघांचेही म्हणणे. जुलै १९३१ मध्ये कलकत्त्यास ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. एकाच युनियनचे प्रतिनिधी म्हणून दोन गट दारात उभे राहिले! अधिकारपत्रे तपासणाऱ्या समितीने कांदळकर गटाला मान्यता दिली. दुसऱ्या गटाला ते पटले नाही. तो बाहेर पडला आणि त्याने लाल ट्रेड युनियन काँग्रेस काढली. १९३५ साली ती पुन्हा मूळ संस्थेत मिळाली.

कोणाचे खरे होते, हा वाद येथे उकरावयाचा नाही. परंतु परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्या त्या सभासदाचा विचार करून पाहा. वर्गणी त्याची, संप करून उपाशी राहिलेली मुलेबाळे त्याची. आणि त्याच्या युनियनचे खरे पुढारी कोण, हे ठरले कलकत्त्याच्या मंडपात. तेथे त्याचे मत मोजण्याची सोय नव्हती. पत्रकात काय लिहिले आहे, यापेक्षा ते युनियनच्या नावाने काढण्याचा हक्क कोणाचा, हाच तंट्याचा गाभा होता.

पुढे चळवळीने स्वतःला शिस्त लावून पाहिली. मे १९५८ मध्ये इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा आणि यूटीयूसी या चार मध्यवर्ती संघटनांनी परस्परांशी वागण्याची आचारसंहिता मान्य केली. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका नियमित व लोकशाही रीतीने व्हाव्यात, कामगारांच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये, जातीयता व प्रांतीयता टाळावी, दंडेली आणि व्यक्तिगत निंदानालस्ती करू नये, असे तीत म्हटले होते. शब्द उत्तम होते. पण मोडणाऱ्याला कायद्याची शिक्षा नव्हती.

ती उणीव महाराष्ट्राने काही अंशी भरून काढली. १९६८ साली ट्रेड युनियन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती झाली. अमुक इसम पदाधिकारी किंवा सभासद आहे की नाही, तसेच युनियनची मालमत्ता व हिशेबाच्या वह्या कोणाच्या, हा वाद औद्योगिक न्यायालयापुढे नेता येऊ लागला. निदान सहा महिन्यांचा सभासद असावा आणि निबंधकाची संमती घ्यावी, एवढी अट. पत्रकाच्या भांडणालाही याच दाराने यावे लागे. 'पत्रक खोटे' एवढे म्हणून भागत नसे. निवडून आलेला माणूस पदाधिकारी ठरतो की नाही, असा प्रश्न मांडावा लागे. मराठवाडा तोवर महाराष्ट्रात आला होता. त्यामुळे जालन्याच्या कारखान्यात जाणाऱ्या टेंभुर्णीच्या कामगारालाही हे दार उघडे झाले. अलीकडे, नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा तंटा न्यायाधिकरणाकडे नेण्याची सोय देशभर केली आहे.

तरीही एक गोष्ट उरतेच. पत्रक एका रात्रीत वाटले जाते; निकाल मात्र सावकाश येतो. तोवर कामगार कामगाराशी बोलेनासा झालेला असतो, आणि ती हानी कोणतेही न्यायालय भरून देऊ शकत नाही. म्हणून शहाणपण आधीच करावे. स्वतः उभा नसलेला एक पंच दोघांच्या संमतीने नेमावा. युनियनचा शिक्का कोणत्याही बाजूच्या पत्रकावर उमटू देऊ नये. आणि प्रत्येक पत्रकाखाली काढणाऱ्याने आपले नाव घालावे. ज्याला आपले नाव लिहावे लागते, त्याचा हात खोटे लिहिताना थोडा तरी अडखळतो.

यंदा भिंत खरवडताना तो जुना कागद निघाला, तर टाकण्यापूर्वी त्याची शेवटची ओळ मुलांना अवश्य वाचून दाखवा.