बाळगोळी, साखर आणि दुधाचे दात

पहिलीच्या वर्गात एखाद्या मुलाचे वरचे पुढचे चार दात काळे पडून झिजलेले, खालचे पुढचे दात मात्र पांढरेशुभ्र, असे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. असे मूल पुष्कळदा चिडके असते, हट्टी असते, किंवा त्याचे वर्गात लक्ष नसते. मुलांचे वागणे आणि त्यांच्या दातांची कीड यांचा काही संबंध आहे का, यावर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले. निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही पाहण्यांत चंचल व हट्टी मुलांत कीड अधिक आढळली, काहींत फारसा फरक दिसला नाही. या प्रश्नाची एक बाजू मात्र अशा पाहण्यांत सहसा येत नाही. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याची घाई मोठ्यांना का होते, आणि त्यासाठी ते त्याच्या तोंडात काय घालतात? ती समजून घ्यायला लालबाग-परळच्या गिरणगावाकडे वळावे लागेल.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी हा सारा भाग गिरण्यांच्या चिमण्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या कामगारांत स्त्रियाही होत्या. १९२० च्या सुमारास साधारण पाचवा हिस्सा त्यांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली होती. मर्यादा अकराची! शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी, जाण्यायेण्याची पायपीट. चाळीतल्या एका खोलीत अंगावर पिणारे मूल ठेवून आई भोंग्याला निघाली, की ते सांभाळायला उरे ती सातआठ वर्षांची बहीण किंवा शेजारची म्हातारी.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला. आपल्याकडे तसे काही करता येईल का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली. त्या गिरण्यांतून आणि चाळींतून हिंडल्या. १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. तीतला एक आकडा पुढे सगळीकडे उद्धृत झाला: गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात होती.

ही अफू दिली जाई बाळगोळीच्या रूपात. येथे एक घोटाळा टाळायला हवा. आपल्या घरांत सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड उगाळून देतात ती बाळगुटी वेगळी. बाळगोळीतला कामाचा पदार्थ अफू हाच होता. आईने सकाळी गोळी चाटवली की मूल तासन्‌तास झोपून राही. रडत नाही, भूक मागत नाही, असे ते 'गुणी' बाळ. अफूने मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते, आतड्यांची हालचाल कमी होते, बद्धकोष्ठ होते. त्यातच झोपलेले मूल दूध कमी पिते. म्हणजे रडणे थांबले तरी रडण्याचे कारण तसेच राही, आणि मूल दिवसेंदिवस रोड होत जाई.

यावर त्या काळी आयांच्या अडाणीपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला ते पटत नाही. मुंबईच्या कितीतरी आधी, कापडाच्याच धंद्याच्या गावी, इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये, अगदी हेच घडले होते. तेथे 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे औषध मिळे. काकवीसारख्या गोड पाकात अफूचा अर्क. एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे. भाषा, धर्म, चालीरीती सगळे निराळे. सारखे काय होते, तर सूतगिरणी, आईचे लांबलचक तास आणि घरी राहिलेले तान्हे मूल.

डॉ. बार्न्स यांच्या पाहणीनंतर काही वर्षांनी मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, १९२९ साली. देशातला हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा. कायदेमंडळात १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला होता. १९२९ सालीच परळला मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय निघाले. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. अफूवरचे निर्बंधही कडक होत गेले आणि बाळगोळी मागे पडली.

रडणारे मूल आणि घाईत असलेले मोठे माणूस मात्र होते तेथेच राहिले. त्यांच्यामध्ये आता आली साखर. मध, गूळ, बत्तासा हे आपल्याकडे जुनेच, पण साखर रोजच्या खाण्यातली नव्हती. १९३२ साली देशी साखरधंद्याला संरक्षण मिळाले आणि चारपाच वर्षांत साखर कारखान्यांची संख्या सुमारे चौपट झाली. १९२९ मध्ये विलेपार्ल्याला गोळ्यांचा कारखाना निघाला होता. १९४२ पासून रावळगावच्या गोळ्या येऊ लागल्या. चाळीखालच्या दुकानात बरणीतली गोळी सुट्या पैशाला मिळू लागली. चहात बुडवलेला बटर आणि साखर घातलेल्या दुधाची बाटली हीही मुलाला रमवायची साधने झाली. गोळी देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. गिरणीतून थकून आलेल्या माणसाला मुलासाठी परवडणारा तो एकच लाड होता.

साखरेने दात का किडतात, याचा उलगडा तोवर बराचसा झाला होता. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली मांडले, की तोंडातले जंतू साखर-पिष्टापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवते. १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला, त्याला त्याने 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' असे नाव दिले. १९४० नंतर स्टीफनने दाखवले, की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरातील आम्लता वाढते आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. याचा अर्थ शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावा. जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या जिलबीपेक्षा दिवसभर मधूनमधून चघळलेल्या चार गोळ्या अधिक घातक. स्वीडनमध्ये विपेहोल्म येथे १९४५ पासून झालेल्या प्रयोगांतूनही हेच सिद्ध झाले. मात्र ते प्रयोग मनोदुर्बल रुग्णांवर, त्यांना चिकट टॉफी खायला घालून, त्यांच्या संमतीशिवाय केले गेले. हे ज्ञान वापरताना त्याची ही किंमत विसरता येत नाही.

आता सुरुवातीच्या त्या चार दातांकडे येऊ. १९६२ मध्ये फास या दंतवैद्याने बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांच्या दातांचे वर्णन प्रसिद्ध केले. झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणेही मंदावते. गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांवर जीभ असते आणि त्यांच्यामागेच लाळग्रंथींची तोंडे असतात, म्हणून ते वाचतात. मधात बुडवलेली चोखणीही हेच काम करते. म्हणजे त्या चार दातांवर मुलाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या रात्री लिहिलेल्या असतात. त्या रात्री रडण्यावर घरात कोणता उपाय चालला, ते तेथे वाचता येते.

आणि मग वागणे? किरकिऱ्या मुलाला बाटली अधिक वेळा मिळते, हट्टी मुलाचे दात घासणे म्हणजे रोजची लढाई, म्हणून ती अर्ध्यावर सुटते. त्यामुळे वागण्यातून कीड वाढते हे खरे. पण उलटही तितकेच खरे. दाढ ठणकणाऱ्या मुलाला रात्री झोप नसते. ते एकाच बाजूने चावते, डबा अर्धा परत नेते, सकाळच्या तासाला पेंगते आणि धक्का लागला की मारामारीवर येते. लहान मूल 'दाढ दुखते' असे नेमके सांगू शकत नाही. बऱ्याच दिवसांच्या दुखण्याची त्याला सवयही होऊन जाते. अशा मुलांच्या दातांवर उपचार झाल्यावर त्यांची झोप, भूक आणि वजन सुधारल्याचे अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. तेव्हा प्रगतिपुस्तकावर 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा मारण्यापूर्वी त्या मुलाला तोंड उघडायला सांगावे, ही आमची विनंती.

१९८२ च्या संपानंतर लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. आया आता लोकलने कचेऱ्यांत जातात, मुले आजीकडे किंवा पाळणाघरात असतात. बाळगोळी कोणाला आठवतही नाही, पण चॉकलेट आहे, गोड सरबताच्या रूपातली औषधे आहेत, आणि रात्रीची बाटली आहे. दुधाचे पुढचे दात सहासात वर्षांच्या वयात पडून जातात. दुसरीच्या अखेरीस त्या काळ्या दातांचा पुरावा सहसा उरत नाही. दुधाच्या दाढा मात्र दहाबारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि ठणकतात त्या बहुधा याच.