भेटीवरचे वस्त्र

पुण्याच्या पेशवे दफ्तरात वस्त्रात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यास ‘रुमाल’ म्हणतात. बांधणाऱ्या वस्त्राचे नाव गठ्ठ्यालाच मिळावे, इतका हा परिपाठ आपल्याकडे रुळलेला होता. चौकोनी वस्त्रात वस्तू बांधण्याची रीत अनेक देशांत होती. जपानमध्ये तिला शिष्टाचाराचे रूप आले.

या रीतीचा मागोवा नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारापर्यंत पोहोचतो. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर इ. स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू तोदाइजी मंदिरातील बुद्धास अर्पण केल्या. त्या या भांडारात ठेवल्या गेल्या, आणि तेथेच आठव्या शतकातील वेष्टनवस्त्रेही जतन झाली. ‘फुरोशिकी’ हे नाव पुष्कळ पुढचे. ‘फुरो’ म्हणजे स्नान आणि ‘शिकी’ म्हणजे अंथरण. स्नानगृहात कपडे ज्यात बांधावयाचे व नंतर जे पायांखाली पसरावयाचे ते हे वस्त्र, असे त्याचे मूळ सांगतात. एदो काळात (१६०३–१८६८) सार्वजनिक स्नानगृहे वाढली, तसे ते घरोघर पोहोचले. व्यापारीही त्यावर आपल्या पेढीचे चिन्ह घालून माल वाहू लागले.

त्याच काळात भेटीसाठी ‘फुकुसा’ हे रेशमी वस्त्र रूढ झाले. तबकातील भेटीवर ते पसरीत. त्यावर प्रसंगाला साजेसे चित्र असे. क्रौंच पक्षी आणि कासव ही दीर्घायुष्याची चिन्हे मंगलप्रसंगी विशेष आवडीची. भेट स्वीकारणारा वस्त्राचे कौतुक करी, भेट ठेवून घेई आणि वस्त्र देणाऱ्याकडे परत पाठवी.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी आणि पुढे प्लास्टिकच्या पिशव्या दुकानांतून फुकट मिळू लागल्या, आणि वस्त्र मागे पडले. फुकट आलेली वस्तू जपण्याचे कारणच उरले नाही. कचऱ्याचे ओझे वाढल्यावर २००६ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ बाटल्यांच्या धाग्यांपासून बनविलेली ‘मोत्ताइनाइ फुरोशिकी’ लोकांपुढे ठेवली; ‘मोत्ताइनाइ’ या शब्दात वाया जाणाऱ्या वस्तूविषयीची हळहळ आहे. १ जुलै २०२० पासून दुकानांतील बहुतेक प्लास्टिक पिशव्यांचे पैसे घेणे बंधनकारक झाले.

पिशवीला किंमत लावणे शासनाच्या हाती आहे. फुकुसाचा व्यवहार मात्र दोन घरांतील विश्वासावर चाले. वस्त्र परत येईल ही खात्री असे, म्हणूनच घरातील उत्तम रेशीम दुसऱ्याच्या दारी निःशंकपणे पाठविले जाई.